सावनीचे शेंडे उडवू नका

फेब्रुवारी लागला, की अटलांटाच्या आसपासच्या वस्त्यांत करवतीचा आवाज सुरू होतो. दुकानांच्या पार्किंगच्या कडेला, घरांच्या अंगणात, रस्त्याच्या दुभाजकावर पानं झडलेल्या सावनीच्या, म्हणजे इथल्या क्रेप मर्टलच्या, रांगा उभ्या असतात. कामगारांची टोळी येते आणि दिवसभरात अख्ख्या रांगेचे शेंडे एका उंचीवर उडवून निघून जाते. मागे उरतात मनगटाएवढे जाड खुंट. इथली जाणकार मंडळी या प्रकाराला चिडून ‘क्रेप मर्डर’ म्हणतात, आणि मला त्यांचा राग पटतो.

गेल्या उन्हाळ्यात बडोद्याच्या वहिनीनं व्हिडिओ कॉलवर सोसायटीतली सावनी दाखवली. तीही तशीच खुंटवलेली. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे नर्सरीत जी सावनी म्हणून मिळते तीच इथली क्रेप मर्टल. आपल्या ताम्हणाची ही धाकटी बहीण: तीच चुरगळलेल्या झालरीसारखी पाकळी, फक्त फूल लहान आणि घोस दाट. मूळची चीन-कोरियाकडची. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात ती आणल्याचं श्रेय आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला देतात. ती इथे इतकी रुजली, की टेक्ससनं १९९७ साली तिला राज्याचं झुडूप केलं. बडोद्यात ती बहुतेक कंपाउंडच्या कडेला डोक्याएवढ्या झुडपाच्या रूपात दिसते. इथे मात्र तिचं झाड होतं, काही जाती तीस फुटांपर्यंत जातात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुलं येत राहतात, पांढरी, जांभळी, गुलाबी, गडद लाल.

शेंडे उडवण्यामागे एक समजूत आहे. सावनीची फुलं जुन्या फांदीवर येत नाहीत, त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. हे अगदी खरं. पण त्यावरून लोक हिशेब करतात, की जितकं जास्त छाटू तितकी जास्त फूट आणि तितकी जास्त फुलं. इथे गणित चुकतं. खुंटावरून वसंतात वेताच्या छडीसारख्या लांब, लवचीक फुटी एकाच ठिकाणाहून झुंडीनं निघतात. त्यांच्या टोकाला घोस मोठा येतो खरा, पण घोसांची संख्या घटते, फुलायलाही उशीर होतो. मग वळवासारखी एक जोरदार सर आली, की पाण्यानं जड झालेला घोस ती कोवळी छडी जमिनीपर्यंत वाकवतो, कधी मोडतोही. आत इतकी दाटी होते, की हवा खेळत नाही. मग पानांवर भुरी नावाची पांढरी बुरशी येते, मावा ही बारीक कीड येते, माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. दरवर्षी त्याच जागी कापत गेलं, की तिथे गाठी तयार होतात, सुजलेल्या सांध्यांसारख्या, आणि हिवाळाभर त्या तशाच दिसत राहतात.

आणि सालीचं काय? मला विचाराल तर सावनीचं खरं वैभव फुलांत नाही, खोडात आहे. खोड जुनं झालं, की वरची साल पापुद्र्यांनी गळते आणि खालून गुळगुळीत, दालचिनी रंगाचं अंग उघडं पडतं. पानगळ झाल्यावर, आजूबाजूला सगळं करडं असताना, हे झाड नुसत्या खोडावर शोभतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ या संशोधकानं आपल्या सावनीचा जपानच्या याकुशिमा बेटावरच्या एका जातीशी संकर केला. त्या जातीत भुरीला तोंड द्यायची ताकद होती आणि सालही देखणी. त्यातून १९७८ मध्ये आलेली पांढऱ्या फुलांची ‘नॅचेझ’ आज इथल्या गल्लीगल्लीत आहे. अशा झाडाची वरची लाकडं दरवर्षी कापली, तर ती कधी वयातच येत नाहीत, आणि मग ती सालही कधी दिसत नाही. इतक्या वर्षांची मेहनत दहा मिनिटांच्या करवतीत जाते.

आता वेळ. बडोद्यात आपलं बागेचं पंचांग पावसावर चालतं. पाऊस सरला, की दसरा-दिवाळीच्या सुमारास गुलाब छाटायचा, हे घरोघरी ठाऊक. इथे आलेला आपला माणूसही त्याच सवयीनं ऑक्टोबरात कात्री काढतो. पण इथलं पंचांग हिमावर चालतं. शरद ऋतूत छाटलं, की झाडाला वाटतं फुटायची वेळ झाली. कोवळी फूट येते आणि नोव्हेंबरच्या कडाक्यात जळून जाते. म्हणून अटलांटाकडे छाटणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, फांद्यांवरचे डोळे फुगायच्या आधी. पानं नसतात, त्यामुळे झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो हा आणखी एक फायदा.

कात्री लावण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारावी. पहिल्यांदा मेलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढायच्या. मग बुंध्याशी आलेले फुटवे, तेही जमिनीलगत. मुख्य खोडं तीन ते पाच ठेवली की पुरे. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली कमजोर काढायची. आत, मध्याकडे वळलेल्या फांद्या काढायच्या. पेन्सिलपेक्षा बारीक काटक्या आतून विरळ केल्या, की ऊन-वारा शिरतो. फांदी काढायची ती जिथून निघते तिथपर्यंत, पण तिथला फुगीर कडा शाबूत ठेवून. तो कडाच जखम भरून काढतो. मध्येच खुंट सोडू नये, जखमेला रंग किंवा डांबर फासू नये. टोकांवरची वाळलेली बोंडं राहिली तरी फुलांचं काही बिघडत नाही. पहिला बहर ओसरल्यावर मात्र सुकलेले घोस कापले, तर बऱ्याचदा दुसरा बहर मिळतो.

झाड खिडकीसमोर वाढतंय म्हणून दरवर्षी तोडावं लागत असेल, तर दोष झाडाचा नाही, जागेच्या निवडीचा. आठ-दहा फुटांत थांबणाऱ्या जाती मिळतात, अगदी गुडघ्याएवढ्याही.

वहिनीच्या सोसायटीतलं झाड आधीच खुंटलेलं आहे. त्यावर उपाय आहे, फक्त धीर हवा. प्रत्येक गाठीवर फुटलेल्या झुंडीतून दोन-तीन जोमदार, बाहेरच्या दिशेनं जाणाऱ्या फुटी ठेवायच्या, बाकी जिथून फुटल्या तिथून काढायच्या. पुढच्या वर्षीही तेच. दोन-चार वर्षांत त्याच फुटी फांद्या होतात. झाड फारच विद्रूप झालं असेल, तर हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीलगत कापून नव्यानं आलेल्या फुटव्यांतून तीन ते पाच जोपासायचे. सावनी चिवट आहे, ती परत उभी राहते.

बडोद्यात हिमाची भीती नाही, पण सावनी तिथेही थंडीत पानं टाकते. तेव्हा सोपी खूण धरा: उत्तरायण झाली, झाडांत अडकलेला मांजा काढायला शिडी निघाली, की त्याच आठवड्यात छाटणी उरकून टाका. पावसाळ्यात मोठे काप घेऊ नका, ओल्या हवेत जखमा बुरशी धरतात. माळीदादांना ‘कमी करा’ एवढंच सांगितलं तर ते शेंडेच उडवणार. शेजारी उभं राहून कोणती फांदी काढायची ते दाखवा. सयाजीबागेतली मनासारखी पसरलेली झाडं बघत आपण वाढलो, आपल्याला हे अवघड जाऊ नये.

आणि फुलंच येत नाहीत म्हणून छाटत असाल, तर आधी ऊन मोजा. सावनीला दिवसाचे सहा तास तरी सरळ ऊन लागतं. समोर नवी बिल्डिंग उभी राहून सावली पडली असेल, तर कितीही छाटलं तरी उपयोग नाही.

छाटलेल्या काटक्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या निवडून कुंडीतल्या वाळूमिश्रित मातीत अर्ध्याअधिक खोचा आणि माती ओलसर ठेवा. बऱ्याचशा मुळं धरतात. वहिनी, त्यातलं एक रोप गेटच्या उजव्या बाजूला लाव, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं.