ताप नव्हता म्हणून

२०२० मधली, कोरोनाच्या काळातली गोष्ट. मी एका वृद्धाश्रमाची इनचार्ज होते, ३४ आजी-आजोबा आणि अर्धा स्टाफ क्वारंटाइन. उरलेले डबल ड्युटी करून इतके पिचलेले की उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. मी मात्र माझ्या चार्टवर खूश. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, १००.४ च्या वर गेला की वेगळ्या खोलीत हलवायचं आणि डॉक्टरांना फोन. रंगीत पेनांनी लिहून भिंतीवर चिकटवला होता, आता हसू येतं.

त्या दुपारी फरशी पुसणाऱ्या मावशी दाराशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, कोपऱ्यातल्या आजी आज ओरडल्या नाहीत मला." रात्रपाळीला माणूस मिळत नव्हता, मी रोस्टरमध्ये डोकं घालून बसलेले, मान वर न करताच म्हटलं बरंच झालं की. त्या हलल्या नाहीत. "रोज ओल्या फरशीवरून बोलतात हो, आज मला आई म्हणाल्या."

तेव्हा कुठे उठले. आजी शांत पडलेल्या, धाप नाही, खोकला नाही, ताप ९८.२, म्हणजे चार्टप्रमाणे सगळं ओके. सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८६. बोट गार असलं की आकडा चुकतो म्हणून चोळून गरम केलं, दुसऱ्या हाताला लावलं, ८५. ९४ च्या खाली गेलं की गडबड हे सगळ्यांना पाठ होतं, पण ऑक्सिमीटर आम्ही फक्त तापवाल्यांनाच लावत होतो! म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नसतं, कधी नुसतं असंबद्ध बोलणं नाहीतर जेवण टाकणं एवढंच दिसतं, हे मी ऐकलेलं होतं. चार्टवर घेतलं नव्हतं.

आजींना दवाखान्यात हलवलं, तीन आठवड्यांनी परत आल्या.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, नियम माझा होता आणि तो चुकला. तर एक सिस्टर हळूच म्हणाली, मला पण सकाळी वाटलेलं मॅडम, पण ताप नव्हता म्हणून बोलले नाही. हे जास्त लागलं.

मग ऑक्सिमीटर सगळ्यांना, आणि चार्टवर एक नवा कॉलम: 'आज नेहमीसारखे आहेत का?' दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरला मावशींना पण बोलावलं. खुर्ची दिली तर बसेनात. "आधी सांगते, आठ नंबरचे आजोबा आज माझ्याशी गोड बोलले." आम्ही ऑक्सिमीटर घेऊन धावलो. ९७ निघालं, आजोबांना मुलाचा फोन आला होता.