रेड टेल कॅटफिशची कात आणि तीन आठवडे न उतरलेला अमोनिया

माझ्या नऊ इंची रेड टेलने कात टाकली. पुढचे तीन आठवडे पाण्यातला अमोनिया (माशाच्या घाणीतून तयार होणारं विष) उतरवण्यात गेले, आणि त्याला कारण कात नव्हती, निळं औषध होतं. राग अजून गेलेला नाही.

या माशाला खवले नसतात, अंगावर नुसता बुळबुळीत थर. क्लोरीन लागलं, पीएच (पाण्याचं आम्ल-अल्क प्रमाण) हलला, अमोनिया वाढला की तो थर सुटतो. निघालेला तुकडा पाण्यातच वाटीत घेऊन बघा: दुधावरच्या पातळ सायीसारखा, बोट लागताच विरणारा. खालची कातडी काळी, चकचकीत, मिशा शाबूत असतील तर काही करू नका. तुकडा ओढून काढू नका. सुटलेले पापुद्रे सायफनने उचला, नाहीतर फिल्टरच्या जाळीवर बसून कुजतात.

दुकानदाराने फोटो पाहून "फंगस" (बुरशी) सांगितलं आणि ते निळं औषध, मिथिलीन ब्लू, दिलं. फंगस कापसासारखा पुंजक्याने उगवतो, असा सलग सोलत नाही. त्या औषधाने फिल्टरच्या स्पंजातले अमोनिया खाणारे जिवाणू मेले. आधी 0.25 पीपीएम असलेला अमोनिया चौथ्या दिवशी 2 झाला.

इथेच गाडी अडली. टाकीत पाणी 220 लिटर. मी 55 लिटर बदलायचो, 2 चा 1.5 व्हायचा. इंदुरात नर्मदेचा नळ एक दिवसाआड. तो पुन्हा येईपर्यंत आकडा परत 2 वर. त्यात माझ्या टाकीचा पीएच 8. पीएच 7 ला, 28 अंशांवर, एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. 8 ला साडेसहा टक्के असतो. म्हणून मासा पुन्हा पुन्हा सोलत होता, आणि दुकानातून "डोस वाढवा" एवढंच उत्तर येत होतं.

सुटका झाली ती अशी. 200 लिटरचा ड्रम आणला, नळाचं पाणी भरून 100 लिटरला 1 ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे खडे, सोडियम थायोसल्फेट) टाकला, रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालवला. दर नळाला निम्मं पाणी बदललं. खाणं चार दिवस पूर्ण बंद. एवढ्याने हा मासा खचत नाही. खरा फरक पडला तो मित्राच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळका स्पंज माझ्या फिल्टरमध्ये ठेवल्यावर. सहाव्या दिवशी अमोनिया शून्य. मग नायट्राइट (जिवाणू अमोनिया खाऊन जे बनवतात ते, तेही विषारी) थोडं चढलं, तेही पाणी बदलून उतरलं.

स्पंज कधीही नळाखाली धुवू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. थंडीत ड्रमचं पाणी टाकीपेक्षा दोन अंशांहून गार नको. लाल चट्टे, जखमा, झिजलेल्या मिशा दिसल्या तर ती कात नव्हे. मासा वेगळ्या टबात घेऊनच औषध करा. तांब्याची औषधं खवले नसलेल्या माशाला फार लागतात.

हा मासा तीन फुटांवर जातो, चार फुटी टाकी थोडेच महिने पुरते. आणि हो, हलवताना जाळी वापरू नका: कल्ल्यामागचे काटे अडकतात आणि नवी कातडी फाटते. पाण्यासकट टबातच उचला.