फोक कुणाच्या हातावर बसतो

दरवर्षी ५ सप्टेंबर आला की आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तोच फोटो फिरतो, धोतर टोपीवाले गुरुजी, हातात छडी, आणि खाली लिहिलेलं की यांनी मारलं म्हणून आम्ही माणसात आलो. मग हात जोडलेले इमोजी, मग कुणीतरी लिहितं की आता मास्तरला पोराला हात लावायची सोय राहिली नाही म्हणून पिढी बिघडली, त्याच्यावर अंगठ्यांची रांग. यावर्षी मला राहवलं नाही, मी लिहिलं की आपल्यासोबत पाचवीला होती त्यातली कितीतरी पोरं या ग्रुपमध्ये का नाहीत? तर एकजण म्हणाला अगं ती दहावीला कुठं होती, हा दहावीचा ग्रुप आहे ना. हो बाबा, तेच विचारायलेय मी. ज्यांनी मार खाऊन शाळा सोडली ते फोटोखाली थँक्यू सर लिहायला येणार कुठून?

मी काही मास्तरीण नाही. गावात शिलाई मशीन चालवते आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात, त्या निम्म्यात मला घातलं, बहुतेक सही नीट येते म्हणून. तर शाळेत मारावं का नाही यावर लोकं लगेच दोन पार्ट्या करतात, एक म्हणते छडीशिवाय शिस्त नाही, दुसरी म्हणते लेकराच्या मनावर परिणाम होतो. दोन्हीकडचे लोक एक गोष्ट धरूनच चालतात की मार हा चुकीवरून बसतो. मला तेच पटत नाही. वर्गात मार बसतो तो बाप कोण आहे त्यावरून.

आमच्या सहावीच्या सरांकडं निरगुडीचा फोक, म्हणजे बारीक फांदीची छडी, असायची. ओलाच पाहिजे, वाळला की दोन फटक्यांत मोडतो. तो आणायला पण वर्गातल्याच पोराला ओढ्यावर पाठवायचे आणि त्यानं मुद्दाम बारीक आणला तर पहिला त्याच्याच हातावर. गृहपाठ नसलेले ओळीनं उभे, हात पुढं, अंगठा आत दुमडलेला कारण नखावर बसला की रात्रभर ठणकायचं. मी त्या ओळीत उभी राहून बघितलेलं आहे, कंपाउंडरच्या पोरापाशी आले की फोक नुसता तळव्याला टेकायचा, सोसायटीच्या चेअरमनच्या पोरीला तर "उद्या आण गं" एवढंच. ओळीच्या शेवटाला लमाणांच्या तांड्यावरची दोघं असायची, त्यांच्यापाशी आले की सर शर्टाची बाही वर सरकवायचे. फोक तोच, न केलेला गृहपाठ पण तोच.

शाळेच्या वाटेवर तरवडाचा पाला तोडून दगडाखाली ठेवला की त्या दिवशी मार चुकतो, हे आम्हा सगळ्यांना अगदी पक्कं माहीत होतं. त्या वाटेवर सगळ्यात जास्त दगड तांड्यावरच्या पोरांचे असायचे.

त्यांचा गुन्हा काय तर "सांगितलेलं ऐकत नाहीत". आता तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात, पहिलीत आलेल्या लेकराला मराठी नुसती कानावरून गेलेली असते, त्याला "पाटी काढ, अंक गिरव" म्हटलं तर ते बघत बसणार नाहीतर शेजारच्याकडं बघून करणार. मग बघत बसलं म्हणून एक आणि शेजाऱ्याचं बघितलं म्हणून दुसरी. माझे आजोबा निजामाच्या राज्यात तालुक्याला शिकायला गेले होते, पुढचं शिक्षण उर्दूतून, घरात कुणाला उर्दूचा गंध नाही, आणि पाठ येत नाही म्हणून खाल्लेल्या माराचं ते म्हातारपणीसुद्धा चिडून बोलायचे, की मला गणित येत होतं पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हतं! सगळं घर हळहळायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, शाळा मराठी झाल्या, आणि मग त्याच मराठी शाळेत लमाणाच्या लेकराला भाषा कळत नाही म्हणून आम्ही मारलं, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

आता ऊसतोडीच्या पोरांचं बघा. आमच्या बीड जिल्ह्यात हे सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी सांगते. दसरा दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या सुमारास परत. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली आजीपाशी राहतात, बाकीची आईबापासोबत फडावर. म्हणजे वर्ग भागाकारापर्यंत गेलेला असतो आणि हे पोरगं मार्चमध्ये येऊन बसतं तेव्हा त्याचं वजाबाकीवरच सुटलेलं असतं. मग येत नाही म्हणून उभं राहा, अंगठे धर, कोंबडा हो. सहा महिने कोयत्यामागं उसाचं वाढं गोळा करून आलेलं लेकरू पहिल्या आठवड्यात मार खातं आणि दुसऱ्या आठवड्यात शेळ्या घेऊन रानात जातं. हजेरीपटावर नाव राहतंच, ते काही कुणी काढत नाही.

आमच्या शाळेत चौथीला एक बाई आहेत. अशाच परत आलेल्या एका पोराला वजाबाकी येईना, हातचा घेणं जमेना, तर त्यांनी त्याला विचारलं, तुझ्या पप्पांची उचल किती होती? ७० हजार. फिटले किती? ५८. मग बाकी? पोरगं म्हणालं १२ हजार, आणि बाईंनी काही म्हणायच्या आधीच पुढचं पण सांगून टाकलं की म्हणजे औंदा पण त्याच मुकादमाकडं जायचंय. बाई मला सांगताना हसत होत्या पण मला काही हसू आलं नाही. आदल्या दिवशी याच पोराला दुसऱ्या एका सरांनी वजाबाकीवरूनच डस्टर फेकून मारलं होतं.

सगळ्यात अवघड काय आहे माहितीय का, मारा म्हणणारे त्याच लेकरांचे बाप आहेत. मीटिंगला येतात आणि हात जोडून सांगतात, गुरुजी हाडं तेवढी आमची, कातडं तुमचं. शहरातली माणसं हे ऐकून म्हणतात किती अडाणी. मला तसं वाटत नाही. जो माणूस सहा महिने गावात नसतो, ज्याला शाळेत गुरुजींशी काय बोलावं कळत नाही, त्याच्याकडं देण्यासारखं दुसरं काही नसतं म्हणून तो पोराचं कातडं देतो. आणि त्याच्या हिशोबानं गुरुजी मारतात म्हणजे गुरुजींचं लक्ष आहे. एकजण मला सरळ म्हणाला, ताई, माझ्या पोराला कुणी मारत पण नाय आता, नुसतं मागं बसवतेत. यावर मी काय बोलणार? मागच्या बाकावर बसवून सोडून देणं हे पण मारणंच आहे, फक्त वळ उठत नाही.

पोरींचं आणखी वेगळं. पोरींना फोक कमी बसतो पण तोंड जास्त चालवलं जातं, तुला काय करायचंय शिकून, तुझं तर पुढच्या वर्षी उरकतील. आमच्या भागात खरंच उरकतात म्हणून तर हे वाक्य लागतं. वर्गात चार पोरांसमोर हे ऐकलेली सातवी आठवीतली पोरगी घरी येऊन म्हणते मला नाही जायचं, आणि घरच्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

कायदा नाही असं मात्र नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम १७ अगदी थोडक्यात आहे, बालकाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रास द्यायचा नाही, केला तर सेवा नियमांप्रमाणं कारवाई. मानसिक त्रास त्यातच आहे, म्हणजे "तुझं तर उरकतील" पण त्यातच येतं. त्याच्याही आधी २००० साली दिल्ली हायकोर्टानं तिथल्या नियमातली छडीची परवानगी रद्द केली होती. आता या कायद्यात बालक म्हणजे ६ ते १४ वर्षांचं, त्यामुळं नववी दहावीच्या पोरांना मारताना काही सर लोक म्हणतात ते आरटीईत बसत नाहीत. पण २०१५ चा बाल न्याय कायदा १८ वर्षांपर्यंत आहे, त्याचं कलम ७५, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच मारहाण किंवा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लातूर नांदेडला नीटच्या क्लासला आणि होस्टेलला पोरं ठेवणाऱ्यांनी हे वाचून ठेवा, ती पण बहुतेक अठराच्या आतलीच असतात.

आणि मार बंद झाला होता कधी? २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या मुलांना विचारून अहवाल काढला, त्यात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी सांगितलं की आम्हाला शाळेत मार बसतो. तीनातली दोन. तो कायद्याच्या आधीचा आकडा आहे हे मान्य, पण कायदा आल्यावर काय झालं ते मला माझ्या दाजींकडून जास्त चांगलं कळलं.

दाजी जिल्हा परिषदेचे शिक्षक. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, म्हणजे एकावेळी एकजण दोन वर्ग घेणार. आणि हे नियमातच आहे, ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक. त्यात खिचडीचा हिशोब, ऑनलाईन माहिती भरा, फोटो अपलोड करा, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम. दिवाळीला आले होते तेव्हा जेवताना विषय निघाला तर ताटावरच तापले, म्हणाले तुम्ही समितीवाल्यांनी एक दिवस दोन वर्ग सांभाळून दाखवा, एका वर्गाला शिकवायला लागलं की दुसऱ्यात मारामारी, मारू नका म्हणून परिपत्रक आलं, पण मग करायचं काय हे डी.एड. ला पण कुणी शिकवलं नाही आणि नंतरच्या ट्रेनिंगला पण नाही. खरंय त्यांचं. एका माणसाला दोन वर्गांत अडकवून ठेवायचं आणि वरून शांत राहा म्हणायचं याला अर्थ नाही, त्यांच्यासाठी पण कुणीतरी भांडलं पाहिजे.

पण मग त्यांनीच पुढं सांगितलं की आता मी जपूनच असतो, हल्ली पालक मोबाईल घेऊन येतेत. मी विचारलं, दाजी, मोबाईल घेऊन येतंय कोण? सांगा ना. तर दोन नावं घेतली, एक ग्रामपंचायत सदस्याचं आणि एक पुण्याला नोकरी करून परत आलेल्याचं. म्हटलं त्यांच्या लेकरांना तुम्ही हात लावत नाहीत. नाही लावत म्हणाले. आणि बाकीच्यांच्या? ताईनं मध्येच भाकरी वाढली आणि दाजी म्हणाले तू वकील व्हायला पाहिजे होतीस. उत्तर काही दिलं नाही.

म्हणजे कलम १७ आमच्याकडं आलंय, पण ज्याच्या बापाकडं मोबाईल आणि वट आहे त्याच्यापुरतंच. त्याच्या आधी सुद्धा त्या पोरांना फोक फक्त टेकतच होता, त्यामुळं त्यांचं तसं काही बदललंच नाही. "मारल्यानं शिस्त लागते" यावर माझा विश्वास बसायचा असेल तर एकदा सरपंचाच्या पोराला आणि सालगड्याच्या पोराला एकाच चुकीला सारखाच मार दिलेला दाखवा. मी लहानपणापासून वाट बघायलेय.

कामाचं एक सांगून ठेवते. लेकराला मारलं तर तक्रार लेखी द्या, शिक्षणहक्क कायद्यात कलम ३२ आहे, स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेनं, तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. पोच घ्या. १०९८ हा लेकरांसाठीचा फोन आहे, लेकरू स्वतः पण करू शकतं, पैसे लागत नाहीत. तोंडी तक्रार मुख्याध्यापकाच्या चहाबरोबर संपते हा माझा अनुभव.

तो अनुभव असा की मागच्या मीटिंगला मी म्हटलं आपण ठराव घेऊ, आपल्या शाळेत फोक, पट्टी, डस्टर काही चालणार नाही, आणि ऊसतोडीहून आलेल्या पोरांना पहिला महिना वेगळं बसवून मागचं शिकवायचं, त्यासाठी गावातली एखादी बारावी झालेली पोरगी समिती बघेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर प्रोसिडिंग बुक सहीला आलं तर त्यात लिहिलेलं, "शिस्तीबाबत सविस्तर चर्चा झाली." बास. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. मी सही केली नाही, त्यावरून घरी पण बोलणी खाल्ली, कशाला वाकड्यात शिरतेस म्हणून.

पुढची मीटिंग महिनाअखेरीला आहे. मजकूर मी घरूनच लिहून नेणारे, सूचक माझं नाव. अनुमोदक म्हणून तांड्यावरची एक सदस्य तयार झालीय, तिची दोन्ही लेकरं याच शाळेत आहेत. फक्त मुख्याध्यापकांनी मीटिंग पुढं ढकलली नाही पाहिजे, कारण दसरा झाला की तिची टोळी निघतेय.