दहावीनंतरचा लांबचा रस्ता

दहावीला ६८ टक्के पडले. सायन्स की आयटीआय, याचा निकाल आमच्या घरी गोठ्यात, धारा काढता काढता लागला. आण्णा म्हणाले, "दोन वर्षांत हाताला काम लागतंय न्हवं? मग बास." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला गणिताची धास्ती होती. अकरावी सायन्स टळतंय, याचाच आनंद झाला होता.

आयटीआयला ट्रेड मिळाला फिटर, म्हणजे यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवायचं काम. सुरुवातीचे महिने नुसतं फायलिंग, म्हणजे कानशीनं घासणं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की सर काही न बोलता तुकडा परत माझ्या हातात द्यायचे. व्हर्नियरवरचे, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनावरचे, ०.०२ मिमी किती बारीक असतात, ते तळहाताला घट्टे पडल्यावर कळलं.

मग वर्षभर अप्रेंटिसशिप. तिथं माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागातल्या एका दादांकडून कळलं, की दोन वर्षांचा ट्रेड पास असला तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. आणि डिप्लोमा झाला की डिग्रीलाही तसंच. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. फॉर्म भरायला बसलो तर नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपलेली. दाखल्यासाठी चार खेपा झाल्या.

डिप्लोमा निभावला. वर्कशॉपमध्ये तर पोरं मलाच विचारायची. पण डिप्लोमाचं गणित बहुतेक पहिल्या वर्षात असतं, आणि ते वर्ष मी केलंच नव्हतं. त्यामुळं डिग्रीला एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरातला, इंटिग्रेशनवर उभा असलेला लाप्लास समोर आला तेव्हा बारावीवाल्यांचं इंटिग्रेशन घोटून झालेलं, आणि माझं पहिल्याच पायरीला अडलेलं. गोठ्यात टाळलेलं गणित पाच वर्षांनी दारात उभं! विषय राहिला. बारावीतल्या चुलत बहिणीच्या शेजारी बसून तिचीच पुस्तकं पहिल्यापासून सोडवली. "दादा, एवढं सोप्पं येत न्हाई?" हेही ऐकून घेतलं. दुसऱ्या खेपेला ४३ मार्क.

डिग्री हातात आली तेव्हा मी २४ वर्षांचा होतो. बारावी करून गेलेले वर्गमित्र दोन वर्षं आधीच नोकरीला लागलेले. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. फायलिंगचे महिने परत मिळाले तरी मी घेईन. गणिताची पळवाट मात्र घेणार नाही.

यंदा धाकटा दहावीला आहे. परवा आण्णांनी गोठ्यातच विषय काढला. म्हटलं, "आण्णा, धारा होऊ द्या. मग कागद घेऊन बसू."