क्वार्टरबॅक पाहिजे

आमच्या क्लीव्हलंडमध्ये केस कापायला जायचं तर चांगला तासभर हाताशी ठेवून जावं लागतं. गर्दी असते म्हणून नाही, आणि आमचा न्हावी तसा हाताने फास्ट आहे, पण ब्राउन्सचा विषय निघाला की त्याची कात्री हवेत थांबते आणि विषय तर निघतोच, कारण कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐंशी पार केलेले एक आजोबा रोज येऊन बसतात, डोक्यावर मोजून बारा केस, कापायला काहीच नाही, ते येतात फक्त वाद घालायला. मी अर्ध्या कापलेल्या डोक्याने, गळ्याला तो प्लास्टिकचा पडदा बांधून, आरशातून दोघांकडे आळीपाळीने बघत बसतो. उठून जायची सोयच नाही.

ब्राउन्स म्हणजे इथली फुटबॉल टीम. हा फुटबॉल म्हणजे ज्यात बॉलला पाय क्वचितच लागतो तो अमेरिकन फुटबॉल. आणि बेसबॉलची टीम म्हणजे गार्डियन्स, जिचं नाव २०२१ च्या सीझनपर्यंत इंडियन्स होतं. मी इथे आलो २०१६ च्या मार्चमध्ये, तेव्हा छातीवर 'इंडियन्स' लिहिलेला टीशर्ट घालून हिंडायचो, स्टेडियमवरच्या त्या हजारो लोकांत एकमेव ओरिजिनल माल मीच असेन.

त्या जूनमध्ये बास्केटबॉलवाले कॅव्हेलियर्स जिंकले, ३-१ ने मागे असताना सलग तीन मॅच मारून. शहराला ५२ वर्षांनी कुठलं तरी मोठं विजेतेपद मिळालं आणि अख्खं डाउनटाउन रस्त्यावर. मला वाटलं, वा, काय पायगुण आहे आपला. मग ऑक्टोबर संपत आला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, इंडियन्स शिकागो कब्जच्या ३-१ ने पुढे, म्हणजे फक्त एक मॅच पाहिजे, आणि तिथून सलग तीन हरले, सातवी मॅच तर दहाव्या इनिंगच्या आधी पाऊस आला म्हणून १७ मिनिटं थांबली आणि मग ८-७ ने गेली. पुढच्याच वर्षी ब्राउन्स १६ पैकी १६ मॅच हरले. तेव्हापासून पायगुणाबद्दल मी कुणाशी बोललेलो नाही. नशीब, त्या शब्दाला इंग्रजीत नीट शब्द नाही.

तर एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो, कॉलेजमधून येणारे खेळाडू टीम्स एकामागून एक निवडतात, ज्याची टीम सगळ्यात वाईट त्याला सगळ्यात आधी पाळी, त्यामुळे आमची पाळी बऱ्याचदा लवकर येते. त्याच्या आधीचे दोन महिने सलूनमध्ये जे चालतं ते मला पहिल्या वर्षी कळेना आणि मग एक दिवस लक्षात आलं की अरे, हे तर स्थळ बघणं चाललंय, आणि स्थळ म्हणजे क्वार्टरबॅक, टीमला खेळवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू! मुलगा उंचीने बरा आहे पण अंगाने जरा किरकोळ वाटतो. घरचं बॅकग्राउंड काय, वडील काय करतात, आधीच्या कॉलेजात पटलं नाही म्हणून दुसरीकडे गेला म्हणजे स्वभावाला कसा असेल. आणि हात! हाताचं माप खरंच घेतात, पंजा फाकवून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे आपली वीत, आणि ती इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजतात. एका मुलाची वीत लहान म्हणून आजोबांनी त्याला नाकारलं तेव्हा मला आमची आत्या आठवली, तिने एका चांगल्या इंजिनिअर मुलाला कान मोठे म्हणून नकार कळवला होता.

इतकं बघूनसवरून निकाल काय, तर १९९९ पासून ब्राउन्सकडून मॅचची सुरुवात केलेल्या क्वार्टरबॅकचा आकडा चाळीसच्या वर गेलाय. १९९९ पासूनच का, तर त्याच्या आधी मालकाने अख्खी टीमच उचलून बाल्टिमोरला नेली होती, १९९५ च्या सीझननंतर, आणि तीन वर्षं या शहराला टीमच नव्हती, नाव आणि रंग तेवढे मागे राहिले. मग नवी टीम मिळाली आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये एका क्वार्टरबॅकसाठी ड्राफ्टमधले तीन वर्षांचे पहिल्या राउंडच्या निवडीचे हक्क देऊन टाकले आणि वर २३ कोटी डॉलरची पूर्ण गॅरंटी. त्याचं नाव सलूनमध्ये काढायचं नाही. मी एकदा चुकून काढलं होतं, डावा कल्ला अजून वर आहे. २०२५ ला तर एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक घेतले, एक तिसऱ्या राउंडला, एक पाचव्या, म्हणजे कांदेपोहे खाऊन दोन्ही मुलांना होकार कळवल्यासारखं.

गंमत अशी की न्हाव्याने ब्राउन्सना कुठलंही विजेतेपद जिंकताना पाहिलेलं नाही, सुपर बोलला, म्हणजे फायनलला, तर ते आजवर पोचलेच नाहीत, आणि तरी दर वर्षी तोच म्हणतो या वर्षी बघा. आजोबांनी पाहिलंय, सुपर बोल सुरू व्हायच्या आधीची फायनल. २७ डिसेंबर १९६४, लेकच्या काठावरचं जुनं स्टेडियम, समोर बाल्टिमोर कोल्ट्स, हाफटाइमला ०-० आणि शेवटी २७-०, गॅरी कॉलिन्सचे तीन टचडाउन. ते सांगताना आजोबा तीन बोटं वर करतात आणि बोटं थरथरतात, आणि मग लगेच हात खाली घेऊन म्हणतात, आता काही खरं नाही. मी यावर पुष्कळ विचार केला. ज्याने गोड खाल्लेलं असतं त्यालाच आळणी लवकर कळतं बहुतेक. न्हाव्याला बिचाऱ्याला चवच माहीत नाही.

बेसबॉलचा वाद मात्र वेगळ्या सुरातला. फळीवर एक जुना रेडिओ आहे, एप्रिल ते सप्टेंबर त्यावर टॉम हॅमिल्टनची कॉमेंट्री, १९९० पासून तोच माणूस बोलतोय. सीझनला १६२ मॅचेस, त्यामुळे एकेका पराभवाचं कुणी मनावर घेत नाही, फुटबॉलच्या १७ मॅचेससारखं सुतक पाळत नाहीत. गार्डियन्सचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं. २०२५ मध्ये जुलैत डेट्रॉइटच्या साडेपंधरा मॅचेस मागे होते, सलग दहा हरले होते, न्हाव्याने रेडिओ बंदच केला होता, आणि मग सप्टेंबरमध्ये धावत जाऊन डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकले, एवढी पिछाडी भरून काढून डिव्हिजन आजवर कुणी जिंकलेली नाही. आणि पहिल्याच प्लेऑफमध्ये कुणाकडून हरावं? डेट्रॉइटकडून.

इथे भांडण पैशाचं. फुटबॉलमध्ये पगाराला सगळ्या टीम्सना एकच मर्यादा असते, बेसबॉलमध्ये तशी नाही, मोठ्या शहरांच्या टीम्स हवं तेवढं उधळतात आणि आमच्यासारखे लहान शहरवाले पोरं घडवतात. चाळीसेक मैलांवर अ‍ॅक्रनला यांची खालच्या लीगची टीम आहे, रबरडक्स, टायरचं शहर म्हणून रबर. तिथे न्हावी दर उन्हाळ्यात जाऊन येतो आणि अमुक पोरगा दोन वर्षांत वर येणार म्हणून सांगतो, आजोबा म्हणतात येईल आणि सहा वर्षांनी न्यूयॉर्कला जाईल. लिंडोर गेलाच की. फ्रान्सिस्को लिंडोर, इथे घडला, इथे हसला, २०२१ च्या जानेवारीत त्याला न्यूयॉर्क मेट्सला द्यावं लागलं आणि तिथे त्याला ३४.१ कोटी डॉलरचा करार मिळाला. होसे रामिरेझ मात्र राहिला, २०२२ मध्ये बाजारभावाच्या बराच खाली सही करून राहिला. 'एक पोरगा घर सोडून गेला, एक घर सांभाळत बसला,' आजोबा म्हणाले, आणि माझ्याकडे आरशातून बघत विचारलं, 'तुमच्या देशात पण असंच असतं का?'

मी म्हटलं, असतं की.

आमचा रामिरेझ कोल्हापुरात आहे. बाबांचं दुकान त्यानेच धरलं, मी इकडे आलो. रविवारी फोन होतो. परवा बोलताना दादाने विचारलं, 'तुमच्या टीमचं काय झालं रं?'

'हरली.'

'फुटबॉलची?'

'दोन्ही.'

'मग टीम बदल की लेका. एवढा मोठा देश हाय, बाकीच्या टीम्स मेल्यात काय?'

मी म्हटलं दादा, तू पेठ बदलशील का? दादा मंगळवार पेठेतला, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की दुकानाचं शटर अर्ध्यावर. पलीकडे जरा वेळ नुसती स्कूटर गेल्याचा आवाज. मग म्हणाला, 'फॉरवर्ड बरा न्हाई बघ आपला यंदा,' आणि तिथून जो सुरू झाला तो कोण पोरगा येतोय, कुणाचा गुडघा गेलाय, कुणाला पलीकडच्या तालमीने उचललंय, पाऊण तास, वहिनी मागून जेवायला हाक मारतायत, आणि मी इकडे एका बाजूला वर गेलेला कल्ला चोळत हं हं म्हणत बसलोय.