ईस्टव्हिलच्या कोर्टातल्या जुन्या वह्या

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नॉरफोकहून ईस्टव्हिलला जायचं तर चेसापीक उपसागर पुलावरून ओलांडावा लागतो. १९६४ साली खुला झालेला हा पूल सुमारे २८ किलोमीटर लांब आहे. मोठी जहाजं वरून जावीत म्हणून रस्ता दोनदा चक्क पाण्याखालच्या बोगद्यात उतरतो. गाडी लेकीच्या शेजारीणबाई चालवत होत्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीपुढचं. त्यांचे पूर्वज पलीकडच्या किनाऱ्यावर शेतांत गुलाम होते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाकीचा माग तिथल्या कोर्टाच्या जुन्या वह्यांत काढायचा होता. मी पुण्यात मोडी शिकते हे लेकीने त्यांना सांगितलं होतं. "जुनं अक्षर बघून न घाबरणारं माणूस हवंय," म्हणाल्या, आणि मी निघाले.

ईस्टव्हिल म्हणजे काहीशे वस्तीचं खेडं. हिरवळीवर १७३१ चं विटांचं जुनं कोर्ट, शेजारी कर्जदारांना डांबायचा छोटा तुरुंग. नॉर्थहॅम्प्टन काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा) कोर्टाचे कागद इथे १६३२ पासून सलग आहेत. इतकी जुनी अखंड मालिका अमेरिकेत दुसरीकडे नाही. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी यादवी युद्धात आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवले आणि १८६५ च्या आगीत ते तिथेच जळाले. इथले वाचले.

पहिल्या वह्यांमधलं वळणदार अक्षर बघून मला मोडीच्या पहिल्या तासाची आठवण झाली. ओळखीची भाषा, पण एक शब्द लागेल तर शपथ! आम्ही शहाणपणाने छापील प्रत मागितली. तारखांचा घोळ मात्र तिथेही होताच. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे ८ मार्च १६५५ चा निकाल वहीत १६५४ चा दिसतो. शक आणि फसली सन जुळवणाऱ्याला हे नवं नाही, पण वंशावळीत अशा एका वर्षाने मुलगा आईबापांच्या लग्नाआधी जन्मतो.

तो मार्चमधला निकाल अँथनी जॉन्सनचा. हा आफ्रिकेतून आणलेला माणूस १६२१ मध्ये व्हर्जिनियात उतरला तेव्हा कागदावर नुसता 'अँटोनिओ' होता. पुढे तो मोकळा झाला, मेरीशी संसार केला, १६५१ मध्ये अडीचशे एकर जमीन मिळवली. १६५३ मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा याच कोर्टाने मेरी आणि दोन मुलींचा माणशी कर जन्मभरासाठी माफ केला. त्या एका हुकमातून बायकोचं नाव, मुलींची संख्या, आगीचा काळ, सगळं हाती लागतं. कराची माफी कुणी मागितलीच नसती, तर या मुली इतिहासात कुठे सापडल्या असत्या? आणि दोनच वर्षांनी त्याच जॉन्सनने जॉन कॅसर हा आपला जन्मभराचा गुलाम आहे असा दावा लावला. आपण ठरावीक वर्षं राबायच्या करारावर होतो आणि ती मुदत कधीच संपली, असं कॅसरचं म्हणणं होतं. कोर्टाने जॉन्सनच्या बाजूने निकाल दिला. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यांचं काम वेगळ्या वह्यांत होतं. गुलामीतून सुटलेल्या बहुतेक लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा १८७० मध्ये लागली. त्याआधी त्यांचा माग काढायचा तर मालकाच्या कागदांतून: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, वाटण्या. बाईंकडे १८७० ची नोंद होती, एक आई आणि दोन तरुण मुलगे. एकट्या नावावर विसंबू नका, तिन्ही नावं एकत्र कुठे येतात ते बघा, एवढाच माझा सल्ला. महजर, म्हणजे साक्षीदारांच्या नावांसह लिहिलेले जुने निवाडे, वाचताना मी हेच करते. नावं पुष्कळ सारखी असतात, पण शेजारी बसलेले साक्षीदार माणूस ओळखून देतात.

दुपारी तीनच्या सुमारास १८५० नंतरच्या एका यादीत ती तिन्ही सापडली. गाई, नांगर, लोखंडी भांडी, आणि मग आई, थोरला, धाकटा. प्रत्येकापुढे किंमत. बाईंनी नावांवरून बोट फिरवलं, कागदाला न टेकवता.

मी पान उलटलं. मागे वारसांची वाटणी होती. आई आणि धाकटा एका वाट्यात, थोरला दुसऱ्यात.

बाईंनी पर्समधून १८७० च्या नोंदीची घडी काढली आणि वहीशेजारी उलगडून ठेवली. तिथे तिघंही एकाच घरात होते.