साडेतीनशे किलोंच्या आत

माझी मारुती सुझुकी जिम्नी आठवडाभर पुण्यातून हिंजवडीला जाते-येते आणि जमेल त्या शनिवारी-रविवारी मुळशी, वेल्हे किंवा भोरच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून खाली उतरते. अशा दुहेरी वापराच्या गाडीत काय काय बदल करावेत, असे विचारणाऱ्यांना मी हल्ली आधी वजाबाकी करायला लावतो. जून २०२३ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचे रिकामे वजन प्रकारानुसार १,१९५ ते १,२१० किलो आहे आणि माणसे व सामान धरून तिचे कमाल वजन १,५४५ किलो ठरवलेले आहे. म्हणजे हाती उरतात जेमतेम साडेतीनशे किलो. सत्तर किलोंची चार माणसे बसली की त्यातले २८० किलो संपतात आणि पाणी, बॅगा, हत्यारे, दोर यांच्यासह आपण हौसेने लावलेली प्रत्येक वस्तू उरलेल्या साठ-सत्तर किलोंत बसवावी लागते.

आता ॲक्सेसरीजच्या कोणत्याही मोठ्या दुकानात जाऊन पाहावे. समोरचा लोखंडी बंपर तीस-चाळीस किलोंचा, त्यात बसवायची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) तेवढ्याच वजनाची, टपावरचे कॅरिअर पंचवीस-तीस किलोंचे, मागचा बंपर आणि शिडी निराळी. माणूस बसण्यापूर्वीच हिशेब संपलेला असतो. इंजिन दीड लिटरचे, सुमारे १०५ पीएस ताकदीचे आणि १३४ न्यूटनमीटर टॉर्कचे आहे. रिकाम्या गाडीला ते पुरते, पण शंभर किलोंचे लोखंड लादलेल्या गाडीला ताम्हिणीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये धाप लागते. जिम्नीची खरी ताकद तिचा हलकेपणा आहे. ज्या चिखलात अवजड गाड्या रुततात, तिथून ती वरच्यावर निघून जाते, आणि तो गुण स्वतःच्या पैशाने घालवणे मला पटत नाही.

लोखंडी बंपरच्या बाबतीत कायद्याने निवड आणखी सोपी केली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार (बंपरपुढे लावायच्या लोखंडी चौकटी) यांवर कारवाई करण्यास सांगितले. पादचाऱ्याला होणारी इजा आणि धडकेच्या वेळी शोषल्या जाणाऱ्या बळावर होणारा परिणाम ही कारणे त्यामागे आहेत. मूळ बंपर आणि त्यामागचे भाग ठरावीक क्रमाने चेपावेत आणि त्यावरून एअरबॅग कधी उघडायची हे ठरावे, अशी रचना असते. मध्ये कडक लोखंड आले की तो क्रम बिघडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गल्लोगल्ली असे बंपर दिसतात हे खरे. तपासणीच्या वेळी मात्र इतरांच्या गाड्यांकडे बोट दाखवून काही साधत नाही.

पैसे आधी खर्च करावेत ते टायरवर. मूळ टायर १९५/८० आर १५ मापाचा असून त्याचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर भरतो. मी २१५/७५ आर १५ मापाचे ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे, टायर घातले. त्यांचा व्यास ७०३ ते ७०४ मिलिमीटर, म्हणजे दीड टक्क्याने जास्त. ग्राउंड क्लिअरन्स यामुळे अवघा पाच मिलिमीटरने वाढतो. मात्र बाजूची भिंत जाड, खाचा खोल आणि खांदे दगडाला धरणारे मिळतात, आणि चाक पूर्ण वळवले तरी टायर कुठे घासत नाही. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो. तो दिसायला भारदस्त असतो यात वाद नाही, पण सगळे गिअर तेवढेच लांब पडतात म्हणजे चाकांची ओढ घटते, स्पीडोमीटर खऱ्या वेगाच्या मागे राहतो, वळणावर टायर आतून घासू लागतो आणि मग तो बसवण्यासाठी गाडी उचलावी लागते. एका बदलाने दुसरा बदल आणि दुसऱ्याने तिसरा मागायचा, हा प्रकार बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

ऑल टेरेन की खास चिखलासाठीचा मड टेरेन, हा प्रश्न आपल्याकडे मातीवर सोडून द्यावा. घाटमाथ्यावरची मुरमाड वाट, कोकणातला जांभा आणि ओढ्यातले गोटे या सगळ्यांना ऑल टेरेन पुरतो. त्याची हार होते ती काळ्या रेगड मातीत. पहिल्या पावसानंतर ही माती खाचांत अशी गच्च बसते की दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मड टेरेनच्या रुंद खाचा मात्र चाक फिरताना माती बाहेर फेकत राहतात. तरीही रोजच्या गाडीला मड टेरेन घालू नये, असे माझे मत आहे. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते, ब्रेकचे अंतर वाढते आणि साठच्या पुढे केबिनमध्ये जी घरघर सुरू होते, तिच्यात फोनवर बोलणे तर सोडाच, शेजारच्याशीही धड बोलता येत नाही. ऑल टेरेनही अगदी फुकट पडत नाही. कंपनीने जाहीर केलेले मॅन्युअल जिम्नीचे मायलेज लिटरला १६.९४ किलोमीटर आहे. शहरात ते मला कधीच मिळाले नव्हते, आणि नव्या टायरनंतर जे मिळत होते त्यातूनही एखादा किलोमीटर गळाला.

टायरइतकीच महत्त्वाची आहे त्यातली हवा. खडकाळ वाटेवर किंवा चिखलात शिरण्यापूर्वी हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि दगडावरून उसळण्याऐवजी त्याला लपेटून जातो. पुन्हा रस्त्यावर आल्यावर हवा भरण्यासाठी छोटा कंप्रेसर जवळ हवा, आणि तो थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा असावा. चांगला कंप्रेसर जेवढा करंट ओढतो तेवढा सिगरेट सॉकेटच्या फ्यूजला झेपत नाही.

यानंतर गाडीखाली वाकून पाहावे. जिम्नीला शिडीसारखी चॅसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि लो गिअरची वेगळी ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी, आहे. या दोन्ही ॲक्सलना डोक्यावर एक बारीक श्वासनळी असते, जिला मेकॅनिक ब्रीदर म्हणतात. तासभर चालून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचे तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. पुढच्या सर्व्हिसला डिफरन्शियलमधून (ॲक्सलवरच्या गिअरांच्या डब्यातून) जे ऑइल निघते ते दूध घातलेल्या चहासारखे दिसते, आणि तोवर बेअरिंगची वाट लागलेली असू शकते. उपाय म्हणजे रबरी नळी जोडून ते तोंड इंजिनच्या बाजूला उंचावर नेऊन ठेवणे. खर्च किरकोळ, वजन नगण्य, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बहुधा म्हणूनच इंजिनला उंचावरून हवा पुरवणारा हजारो रुपयांचा स्नॉर्कल लावलेल्या कित्येक गाड्यांचे ब्रीदर अजून मूळ जागीच असतात.

पाच दारांच्या जिम्नीचे नाजूक ठिकाण तिचे पोट आहे. गाडी न टेकता किती तीव्र चढ-उतार पार होतो ते सांगणारा पुढचा कोन ३६ अंश आणि मागचा ५० अंश, म्हणजे दोन्ही टोके सहज सुटतात; पण व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,५९० मिलिमीटरचा झाल्यामुळे पोट न टेकता उंचवटा पार करण्याचा मधला कोन २४ अंशांवर आला आहे. बैलगाडीच्या जुन्या वाटेवर चाकोऱ्या खोल गेलेल्या असतील, तर मधला उंचवटा आधी ट्रान्सफर केसलाच भेटतो. तिथे एक जाड संरक्षक प्लेट आणि दोन्ही बाजूंना चॅसीला पकडलेले स्लायडर (दारांखालच्या जाड नळ्या), एवढे वजन मी आनंदाने मंजूर केले. प्लेट पोलादी घेतली, कारण आपल्या बेसॉल्टच्या धारदार कडांवर ॲल्युमिनियम खरवडून अडकते आणि पोलाद घसरून पुढे जाते. मात्र प्लेट आणि गाडीचे पोट यांमध्ये वाळलेले गवत साठते. दिवाळीनंतर कुरणातून गाडी काढली की ते हाताने उपसून टाकावे, सायलेन्सरची उष्णता जवळच असते.

स्लायडर घेताना तो दाराखालच्या पत्र्याला अडकवलेला नाही ना, हे पाहावे. बाजारात फूटरेस्ट म्हणून मिळणारे चकचकीत पाइप दगडावर टेकले की आत वळतात आणि दारही चेपवतात. चॅसीला चार ठिकाणी बोल्ट केलेल्या स्लायडरवर अख्खी गाडी एका बाजूने तोलता येते. शिवाय माझ्या आईला गुडघेदुखीमुळे या गाडीत चढणे जड जायचे, आता त्याच नळीवर पाय ठेवून ती चढते. घरात या खर्चाला मंजुरी मिळाली ती खरे तर याच मुद्द्यावर.

गाडी उचलणे, म्हणजे दोन इंचांची लिफ्ट, मी केलेली नाही. स्प्रिंग लांब केल्याने चॅसी उंच होते, ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो; डिफरन्शियलखालची उंची वाढते ती फक्त मोठ्या टायरने. अखंड ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चॅसीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला जोडलेला असतो. चॅसी वर गेली की तो रॉड अधिक तिरपा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. माझ्या एका मित्राची उचललेली गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर घेतली होती तेव्हा हे डोळ्यांनी पाहिले. मडगार्डला ओळंबा लावला तर एका बाजूचे चाक बोटभर बाहेर आणि दुसऱ्या बाजूचे तेवढेच आत होते. रॅम्पवरचा कारागीर म्हणाला, ‘‘दादा, टो मी बसवून देतो, पण कॅस्टर माझ्या हातात नाही.’’ टो म्हणजे चाके समोरून आत की बाहेर वळलेली आहेत ते, आणि कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. ॲक्सल पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचा कोन बदलल्यामुळे कॅस्टर कमी झाला होता. अशी गाडी वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ आणत नाही आणि ऐंशीच्या आसपास चाके थरथरू लागण्याची शक्यता वाढते. त्यावर लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड, कॅस्टर सुधारणारे बुश, लांब शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकच्या लांब नळ्या आणि हेडलाइटची नव्याने जुळणी असे सगळे उपाय आहेत. जो हे सगळे करतो त्याची गाडी उत्तम चालते. दुकानात स्वस्त म्हणून विकले जातात ते मात्र नुसते स्प्रिंगवरचे ठोकळे, आणि ते लावून रोज एक्स्प्रेसवेवर जाणे मला धोक्याचे वाटते.

विंचबद्दल थोडक्यात. गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट ओढण्याची क्षमता असावी, असा ढोबळ नियम आहे. जिम्नीसाठी तो सुमारे २,३०० किलोंवर येतो, म्हणजे मोठ्या गाड्यांसाठीची साडेनऊ हजार पौंडांची विंच इथे निव्वळ ओझे ठरते. मी विंच न घेता ताणला जाणारा दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर जोडायच्या दोरीच्याच कड्या), एक फावडे आणि सोबत दुसरी गाडी यांवर भागवतो. एकट्याने अवघड वाटेला जायचेच नाही, म्हणजे निम्मी सामग्री आपोआप वगळली जाते.

आता दिसण्याविषयी, कारण गाडी देखणी असावी ही इच्छा मी लपवत नाही. जिम्नीचा सपाट बॉनेट आणि सरळसोट काच पाहिली की १९८५ मध्ये आलेली आणि तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिलेली जिप्सी आठवते, आणि मला गाडीला तोच साधा, लष्करी बाज हवा होता. त्यासाठी पांढऱ्या रंगाची साधी पोलादी चाके, काळे जाड मडफ्लॅप, बॉनेटवर चकाकी न मारणारी काळी फिल्म आणि फॉगलॅम्पवर पिवळी फिल्म, एवढेच केले. गाडीचा मूळ रंग तसाच ठेवला, कारण तो बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. टपावरचा लाइटबार टाळला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १११ नुसार समोर स्पॉटलाइट लावण्यास नोंदणी प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शिवाय ताम्हिणीच्या धुक्यात उंचावरून सोडलेला प्रखर उजेड धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. धुक्यात कामाला येतो तो बंपरजवळचा, खाली झुकलेला दिवा.

मागचा बंपर बदलण्याचा मोह होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की या गाडीचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत, त्यामुळे तिथे पोलाद आणले की दिव्यांची जागा आणि वायरिंग दोन्ही बदलावे लागते. स्टेपनीचाही विचार आधीच करावा. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाके एकाच व्यासाची असावी लागतात, म्हणून पाचवा टायरही त्याच मापाचा घेणे भाग पडते, आणि ते सगळे वजन मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर लटकते. माझ्या गाडीत नव्या टायरनंतर खडबडीत रस्त्यावर दारातून बारीक खटखट येऊ लागली. बिजागरीचे बोल्ट आवळले, कुलपाचा खटका किंचित सरकवला आणि दाराखालचे रबरी ठोकळे बदलले, तेव्हा आवाज थांबला. दर सर्व्हिसला आता हे बोल्ट तपासून घेतो.

विम्याचे काम सर्वांत कंटाळवाणे, पण ते टाळू नये. बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल जपून ठेवावे, नूतनीकरणाच्या वेळी बदल लेखी कळवावेत, वाढीव हप्ता लागत असेल तर तो भरावा आणि नोंद पॉलिसीच्या कागदावर उतरली आहे ना, हे वाचून पाहावे. एजंटाने फोनवर ‘‘काही अडचण नाही’’ म्हटलेले दाव्याच्या वेळी ग्राह्य धरले जात नाही.